मी, चवीपुरता

पाककृतीत मिठाचे माप बहुधा नसते, 'चवीपुरते' एवढेच लिहिलेले असते. आठवणी लिहिणाऱ्याने 'मी'देखील याच हिशेबाने घालावा, असे माझे मत आहे. एक प्रकरण कुळाच्या थोरवीला, एक जन्मवेळेला आणि उरलेली सगळी सत्कारांना दिली, की ते पुस्तक प्रकाशन समारंभापुरतेच जगते. वाचनीय आठवणी बहुधा अशांच्या हातून उतरल्या, ज्यांचे लक्ष स्वतःच्या फेट्यावर नव्हते. वरसईचे गोडसे भटजी घराबाहेर पडले ते दक्षिणा मिळवायला. 1857चे बंड त्यांना वाटेत भेटले. झाशीच्या वेढ्यात सापडलेल्या या भिक्षुकाने तलवारीचे दोन हात केल्याचे लिहिले असते, तर तपासायला कोण येणार होते? त्यांनी लिहिली ती स्वतःची घाबरगुंडी, उपासमार आणि लुटली गेलेली कमाई. म्हणून 'माझा प्रवास'मधल्या झाशीवर विश्वास बसतो. जो स्वतःची फजिती लपवत नाही, तो दुसऱ्याची लढाई कशाला फुगवेल? लक्ष्मीबाई टिळकांचे पती 1895 साली त्यांना मागे ठेवून ख्रिस्ती झाले. एवढ्या भांडवलावर दुसऱ्या कुणी रडून रडून चार भाग भरले असते. बाईंनीही 'स्मृतिचित्रे'चे चार भागच भरले, पण त्यांत टिळकांच्या विक्षिप्तपणाइतकाच स्वतःचा भोळेपणा आणि हट्ट हसत हसत मांडला.

यावर कोणी आचार्य अत्र्यांचे 'कऱ्हेचे पाणी' पुढे करील. खंडामागून खंड, आणि 'मी'चा पूर! मान्य. पण त्या पुरात अख्खी जत्रा वाहत येते. पुस्तक मिटल्यावर अत्रे आठवतात, तसे त्यांचे दोस्त आणि दुश्मनही आठवतात. दुसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांना पिढ्यानपिढ्या 'मी' म्हणूच दिले नाही, त्यांनाही तो बेतानेच वापरा म्हणायचे? ज्याच्या ताटात मीठच पडले नाही, त्याला असा सल्ला देणे हा निर्लज्जपणा होईल. तिथे माझे माप चालत नाही. पण कारागिरी तिथेही आहेच, किंबहुना अधिक कसाची. 1978 सालच्या 'बलुतं'मध्ये दया पवारांनी स्वतःचे दोन केले: दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. ऐकणारा समोर बसला, की सांगणाऱ्याला थापा मारणे जड जाते. सत्कारमूर्तींच्या पुस्तकांत ही अडचण येत नाही. तिथे सांगणारेही तेच, ऐकणारेही तेच आणि प्रत्येक छायाचित्राखाली 'डावीकडून तिसरे' तेही तेच.