वेळ, वेग आणि बीड

बीडच्या भरती अकॅडम्यांत पोरांना पहाटे 1600 मीटर पळवतात आणि दुपारी गणितात दमवतात. 2023पासून सैन्याने लेखी आधी, मैदान नंतर असा क्रम लावला. म्हणजे पायांच्या आधी त्रैराशिक. मास्तरांचा लाडका प्रश्न रेल्वेचा: 200 मीटर लांबीची गाडी ताशी 60 किलोमीटर वेगाने खांब किती सेकंदांत ओलांडेल? अहो, 1995 साली मंजूर झालेल्या मार्गावरची गाडी ज्या गावात 17 सप्टेंबर 2025ला पोचली, तिथल्या पोरांना वेग कसला विचारता? विलंब विचारा, पैकीच्या पैकी घेतील! शेकडेवारी मात्र घोटून घ्यावी. सैन्यात चार वर्षांसाठी घेतलेल्या अग्निवीरांतले मुदतीनंतर कायम होणार जास्तीत जास्त 25 टक्के. उरले किती, ते तोंडी सांगायचं.