खर्जाचा खर्च

गॅसवर तारा उकळत होत्या आणि सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. त्यांनी झाकण उचललं, आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा आत पाहिलं.

"शेवया का गं?"

"नाही आई, तारा आहेत. बास गिटारच्या."

"मऊ होतात होय?"

तारा मऊ होत नाहीत, स्वच्छ होतात. जाड तारेवर जे बारीक वेढे असतात, त्यांत बोटांचा घाम, तेल आणि मळ जाऊन बसतो आणि हळूहळू तार मुकी होते. उतरवून दहा मिनिटं उकळली, कोरडी पुसली, की पुढचे काही आठवडे ती पुन्हा बोलते. नवा संच घ्यायचा तर दीड-दोन हजार मोजावे लागतात. साध्या सहा तारांच्या गिटारचा संच तीन-चारशेला मिळतो आणि चार तारांच्या बासचा त्याच्या चौपट. दुकानदाराला कारण विचारलं तर म्हणाला, "मॅडम, जाड आहेत ना." साडीसुद्धा वारावर विकतात, वजनावर नाही, हे त्याला सांगायचं राहून गेलं.

हे सगळं सांगून झाल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पण पातेलं दुधाचं आहे."

त्रेचाळिसाव्या वर्षी बास शिकायचं खूळ आलं कुठून, असं शाळेतल्या शिक्षकखोलीत सगळ्यांनी विचारून झालंय. लहानपणी रेडिओवर आर. डी. बर्मनची गाणी लागली की मी शब्दांच्या खाली काहीतरी चालतंय ते ऐकत बसायची. गाणं पुढे जायचं आणि ते खालून, पायरी पायरी उतरत, आपल्याच नादात निघालेलं असायचं. मला तो एखादा ढोल वाटायचा. तो बास गिटार आहे आणि टोनी वाझ नावाचा माणूस तो वाजवायचा, हे कळायला चाळिशी उजाडली. म्हणजे तीस वर्षं मी ज्याच्या मागे गाणं ऐकत होते, त्याचं नावही मला माहीत नव्हतं.

नवा बास परवडणार नव्हता. पण एक गोष्ट मला कळून चुकली होती. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला बँड फुटतात. गायक पुण्याला नोकरीला जातो, ड्रमवाल्याचं लग्न ठरतं आणि बासवाला एम. एस. करायला परदेशी निघतो. मे-जूनमध्ये असे पोरके बास बाजारात येतात. सांगलीच्या एका मुलाकडून मला 5,500 रुपयांत मिळाला. त्याच्या आईने वर पिशवीभर शेवग्याच्या शेंगा दिल्या, बहुधा वस्तू घरातून गेल्याच्या आनंदात.

आमच्या घरात हिशेबाची वही आहे. सासूबाई लिहितात, बाकीचेही नोंदी करतात. त्या रात्री मी लिहिलं, "खर्ज – 5,500". सकाळी ह्यांनी पेनाने 'ज' खोडून 'च' केला होता. वर मला म्हणाले, "शिक्षिका ना तू?"

आता अ‍ॅम्प्लिफायर. तो बासच्याच किमतीचा, म्हणजे विषय संपला. पण विजेच्या बासला वीज नसली तरी लाकूड चालतं, ही युक्ती मला सापडली. बासचं डोकं कपाटाला टेकवून तार छेडली की तारेचा कंप लाकडात उतरतो आणि अख्खं कपाट वाजतं. लोखंडी कपाट खडखडतं, तो नाद सोडावा. सासूबाईंचं लग्नात आलेलं सागवानी कपाट मात्र काय गंभीर बोलतं! आतल्या बांगड्या थोड्या किणकिणतात, तेवढी साथ चालवून घ्यायची.

शिकवणी फोनवरच्या व्हिडिओंतून, फुकट. पहिला महिनाभर मला शिक्षकाचं तोंड हलताना दिसायचं, बोटं हलताना दिसायची, पण बास ऐकूच यायचा नाही. आधी वाटलं, हीच त्यांची शैली असेल. मग लक्षात आलं, बासची सर्वांत जाड तार सेकंदाला जेमतेम 41 वेळा कंप पावते. फोनच्या नखाएवढ्या स्पीकरला तो खालचा आवाज काढताच येत नाही. दीडशे रुपयांचे इयरफोन लावले आणि गुरुजी एकदम घरात आले. ते भरधाव शिकवतात म्हणून वेग निम्मा केला, तर भल्या सकाळी दारू पिऊन बसल्यासारखे बोलू लागले. पण त्या वेगात ते मला समजायचे.

बोटांचंही सांगायला हवं. उजव्या हाताची बोटं तव्यावरची भाकरी उलटून वीस वर्षांत तयार झालेली, त्यांना तार म्हणजे काहीच नाही. डावा हात मात्र कोरा. त्याला फोड आले, फुटले, पुन्हा आले. डेट्रॉइटचे जेम्स जेमरसन उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचे आणि मोटाउनच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांत तेच बोट आहे, हे वाचून जरा धीर आला. तारा तर ते बदलायचेच नाहीत. त्यांचा मळावर विश्वास होता. हे मी सासूबाईंना सांगितलं नाही.

स्वस्तातला बास घेणारी मी पहिली नव्हे. हॅम्बुर्गमध्ये 1961 साली पॉल मॅकार्टनींनी व्हायोलिनच्या आकाराचा बास घेतला तो सुमारे 30 पौंडांचा, कारण फेंडर कंपनीचा परवडत नव्हता. तो पुढे 1972 मध्ये चोरीला गेला आणि थेट 2024 मध्ये परत मिळाल्याचं जाहीर झालं. माझा अजून कोणी चोरलेला नाही. मध्यंतरी दार उघडं टाकून बाजारात गेले होते, तरीसुद्धा.

तिसऱ्या महिन्यात बास झणझणायला लागला. सातव्या पडद्यावर तार दाबली की आवाजात माशी शिरल्यासारखं व्हायचं. फोनवरच्या गुरुजींच्या मते हा मोठा दोष. त्यांच्या देशात अशा दुरुस्तीला जेवढे पैसे घेतात, तेवढ्यात माझा दुसरा बास आला असता. पण मी मिरजेत राहते. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांतले फरीदसाहेब दीडएकशे वर्षांपूर्वी इथे तंतुवाद्यं करू लागले आणि तेव्हापासून या गावात सतार-तंबोरे घडतात. बास पाठीला लावून मी त्या कारागिरांच्या गल्लीत गेले.

तिथले एक सतारकार चाचा भोपळा घासत बसले होते. त्यांनी बास मांडीवर घेतला, तार छेडली, डोळे मिटले.

"काय बिघडलंय म्हणता?"

"झणझणतंय."

"अवो मॅडम, ही जवारी हाय की! एवढी लागायला आमचा अख्खा दिवस जातो घोडी घासत. तारेखाली दोरा सरकवून सरकवून डोळे जातात. तुमची फुकट लागलीय."

मी म्हटलं, ती सगळीकडे असती तर ठीक, एकाच पडद्यावर नको. हे त्यांना पटलं. एक डोळा मिटून त्यांनी बंदुकीचा नेम धरावा तसं दांड्याकडे पाहिलं, वर आलेल्या पडद्यावर लाकडी हातोडीने दोन टोले दिले, कानस फिरवली. पन्नास रुपये. परत देताना विचारलं, "तारा चारच? आमच्या तंबोऱ्यालाबी चारच. मग यातली खर्जाची कुठली?" मी जाड तार दाखवली. त्यांनी ती एकदा वाजवली आणि बराच वेळ विरू दिली.

खर्जावरूनच सासूबाई यात आल्या. लग्नाआधी त्या गाणं शिकत होत्या. प्रवेशिका झाली आणि लग्न झालं. फोनमधलं फुकटचं ट्यूनर जाड तारेपाशी गोंधळतं, काटा पिसाळल्यासारखा फिरतो. वेगळं ट्यूनर सहाशेला. एका दुपारी मी काट्याशी झटत असताना आतल्या खोलीतून, झोपलेल्या समजत होते तिथून, आवाज आला, "दुसरी उतरलीय."

बासची प्रत्येक तार आधीच्या तारेच्या मध्यमावर मिळवलेली असते. मी हे त्यांना सांगितलं एवढंच. तेव्हापासून मी वाजवते आणि त्या भाजी निवडता निवडता, मान वर न करता सांगतात: चढव, आणखी, हां, गेली पुढे, उतर. फेंडर कंपनीने 1951 साली पडदे असलेला बास बाजारात आणला आणि त्याचं नाव ठेवलं 'प्रिसिजन', म्हणजे अचूक. पडद्यांमुळे आता कोणीही अचूक वाजवील, असा त्या नावात भरवसा आहे. सासूबाईंना तो नाही. "पडद्यावर बोट आहे तुझं, सुरावर नाही," असं त्या म्हणतात. पडदा आणि सूर यांत फरक पडूच शकत नाही, हे मी आकृती काढून दाखवलं. तार जास्त जोराने दाबली की सूर चढतो, हे मला नंतर गुरुजींकडून कळलं. निम्म्या वेगात.

परवा महिनाअखेरीला वही उघडली. दूध, पेपर, गॅस, ह्यांची औषधं. त्याखाली सासूबाईंच्या किरट्या अक्षरात एक ओळ होती, "पातेलं, मध्यम, झाकणासह – 340 – खर्ज".

'ज' कोणी खोडलेला नव्हता.