ब्राउझर निवडावा कसा, सजवावा किती
(जसोंडी व पंचक्रोशीपुरते मार्गदर्शन)

नियम पहिला. ब्राउझर निवडण्यापूर्वी आपल्या फोनात ब्राउझर नावाची वस्तू आहे, हे मान्य करावे. जसोंडीत कुणालाही विचारा, ‘कशावर उघडलं?’ उत्तर ठरलेलं : ‘गूगलवर.’ गूगल म्हणजे शोधायची जागा आणि क्रोम हा ब्राउझर, हा भेद समजावणारा गावात एकच, आमचा भाचा. तो समजावू लागला की ऐकणाऱ्याला मळ्यातली मोटर चालू राहिल्याची आठवण होते.

नियम दुसरा. लोकप्रियतेस मान द्यावा. सप्टेंबर 2008 मध्ये आलेला क्रोम आज जगात ढोबळमानाने तिघांतले दोघे वापरतात. का, तर अँड्रॉइड फोनात तो आधीच बसून येतो. दुसऱ्या कुणी अर्जच भरला नाही. पंचायतीत याला बिनविरोध म्हणतात. त्याआधी आपल्याकडे यूसी ब्राउझरची चलती होती, नेट रडतखडत चालायचं तेव्हाची. 29 जून 2020 ला केंद्राने 59 चिनी ॲपांवर बंदी घातली, त्यात तोही गेला. इंटरनेट एक्सप्लोररला तर मायक्रोसॉफ्टनेच 15 जून 2022 ला निरोप दिला. रडलं कुणी नाही.

लोकप्रियतेचा फायदा एवढाच, पण मोठा : सरकारी पोर्टल बनवणारा ते क्रोमवर तपासतो. खसऱ्याची नक्कल काढायची तर उगाच वेगळेपणा दाखवू नये.

नियम तिसरा. सजावट बेताची असावी. हा नियम भाच्यासाठी आहे, आणि तो पाळणार नाही हे मला ठाऊक आहे. तो विवाल्डीचा भक्त. ऑपेराच्या संस्थापकांपैकी एकाने पुढे काढलेला हा ब्राउझर. त्यात टॅब वर, खाली, डावीकडे, उजवीकडे कुठेही न्या. भाच्याने चारही दिशा करून पाहिल्या. शिवाय माऊसचे इशारे : उजवं बटण दाबून खाली ओढा, मग उजवीकडे, टॅब मिटतो. परवा काकूंचं समग्र आयडीचं ई-केवायसी चाललं होतं. ओटीपी आला, आणि पठ्ठ्याने हौसेने माऊस तस्साच फिरवून दाखवला. काकू म्हणाल्या, ‘बाळा, तुझं राहू दे, माझ्याच फोनवर कर.’ केवायसी क्रोमवर झालं.

मला राग एवढाच येतो की विवाल्डी, ब्रेव्ह, ऑपेरा आणि 2020 पासून एजसुद्धा, सगळ्यांच्या आत क्रोमियमच, म्हणजे क्रोमचाच गाभा. मग एवढी रंगरंगोटी कशाला? वेगळ्या इंजिनाचा फायरफॉक्स. तोही भाच्यानेच मला घालून दिला, हे इथे नमूद करावे लागते. रावेरचा केळीचा भाव बघायला पान उघडावं तर नेमकी आकड्यावरच जाहिरात पसरलेली. फायरफॉक्सला अँड्रॉइड फोनवरही जाहिराती अडवणारं ‘यूब्लॉक ओरिजिन’ जोडता येतं. क्रोमने संगणकावर ते मूळ रूपात बंद केलं आणि फोनवर तर असली जोड घेतच नाही. ते बसवलं आणि भाव दिसला. भाव पडलेलाच होता, त्याला ब्राउझर काय करणार.

नियम चौथा. पावती निघत नसेल तर पोर्टलला शिव्या घालण्यापूर्वी पॉप-अपला परवानगी द्यावी.

नियम पाचवा. फोनात फॉर्म अर्धाच दिसत असेल तर तीन ठिपके दाबून ‘डेस्कटॉप साइट’ करावे.

नियम सहावा. किऑस्कवाल्याने दुसऱ्याचं काम पाहुण्या खिडकीत, म्हणजे गेस्ट मोडमध्ये, करावं. गिऱ्हाइकाचा पासवर्ड साठवू नये, ब्राउझर कितीही प्रेमाने विचारो.

निकाल असा : अर्ज-पावत्यांना क्रोम, वाचायला फायरफॉक्स, विवाल्डी भाच्याला. आणि गावकरीहो, कुठलाही ब्राउझर वापरा, पण एखादं पान ‘सूचना पाठवू का?’ असं विचारेल तेव्हा ‘नाही’ दाबा. ‘हो’ दाबून बसला असाल तर सेटिंग्जमध्ये साइटच्या सूचना बंद करा. ‘तुम्ही गाडी जिंकलात’ म्हणून रात्री-अपरात्री फोन वाजणं त्यानेच थांबतं.