डब्यात चमचा

गाडीतून नवा आवाज यायला लागला की आपण आधी काय करतो? रेडिओ मोठा करतो. मीही दोन आठवडे तेच केलं. मग एका रविवारी शिरूरहून दौंडला बहिणीकडे निघालो, तर न्हावऱ्याच्या पुढे मागच्या सीटवरून आई म्हणाली, "अरे, डब्यात चमचा राहिल्यासारखं काय वाजतंय?"

"टॅपेट असेल," मी म्हणालो. टॅपेट म्हणजे नक्की काय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण तो शब्द उच्चारला की पुढचे प्रश्न बंद होतात, एवढं माहीत होतं.

गाडी 2003 सालची. कंपनीचं नाव सांगत नाही; वयोमानानं कुरकुरणाऱ्याचं नाव चारचौघांत घेऊ नये.

मराठीत आवाजांना तोटा नाही. खडखड, खुळखुळ, टकटक, किरकिर, घरघर, कुईकुई. अडचण अशी, की एका गाडीत चार माणसं बसली तर चौघांना चार वेगळे ऐकू येतात. मला टकटक, बायकोला खुळखुळ, मुलाला इअरफोन काढूनसुद्धा काहीच नाही. चौफुला जवळ आला तशी बायको म्हणाली, "घुंगरं वाजतायत." चौफुल्याच्या कलाकेंद्रांची लावणी प्रसिद्ध आहे, तेव्हा घुंगरं वाजायला कुणाची हरकत नाही. फक्त ती बॉनेटखाली वाजू नयेत.

सोमवारी गाडी शिरूरच्या मेस्त्रीकडे नेली. रांजणगावला फियाट-टाटांच्या कारखान्यात इंजिनं बनायला लागल्यापासून आमच्या तालुक्यात इंजिनावर मत नसलेला माणूस सापडणं अवघड झालंय, पण या मेस्त्रीचं मत ऐकण्यासारखं असतं. गॅरेजात शिरताच गाडी गप्प. पाहुण्यांसमोर 'म्हण रे ते गाणं' म्हटलं की पोर मुकं होतं, तशी. मग आवाज मलाच काढून दाखवावा लागला. मी भर गॅरेजात 'टक-टक-टर्रर्र' केलं. शेजारी हवा भरायला आलेला पोरगा हसला.

"तसं नका सांगू साहेब," मेस्त्री म्हणाला. "कधी येतो ते सांगा. गार असताना का गरम झाल्यावर? रेस दिल्यावर का सोडल्यावर? क्लच दाबला की जातो का?"

यातलं एकही मी बघितलं नव्हतं. शब्द शोधण्यातच दोन आठवडे गेले होते. त्यानं हात पुसता पुसता शिकवणी घेतली. सकाळी गार इंजिनावर कुईकुई करून थोड्या वेळात गप्प बसतो तो बहुतेक बेल्ट. क्लच दाबल्यावर बदलला, तर गिअरबॉक्सच्या बाजूला बघायचं. खालून जड ठोका येत असेल आणि चढाला वाढत असेल, तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग, आणि मग खिशाची तयारी ठेवायची. टॅपेट वरून वाजतं, हलकं आणि इंजिनाच्या निम्म्या चालीनं, कारण क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो.

मग त्यानं लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला लावलं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवली आणि डोळे मिटले. पॅरिसच्या लेनेक डॉक्टरांनी 1816 साली कागदाची सुरळी करून रोग्याची छाती ऐकली, त्यातून पुढे स्टेथोस्कोप आला. मेस्त्रीनं लेनेकचं नाव ऐकलेलं नसावं, विद्या मात्र तीच. "आहे टॅपेट," तो म्हणाला. फिलर गेज घालून त्यानं गॅप सेट केली आणि टकटक गेली. म्हणजे माझा आवाज खरा निघाला! आईचा चमचा मात्र वाजतच राहिला.

पुढच्या रविवारी पुन्हा दौंड. तिथे 1878 साली मनमाडची लाईन आली, तेव्हापासून त्या गावाचे कान रेल्वेचे. आमचे दाजी रेल्वेतून रिटायर झालेले. उमेदवारीच्या काळात लांब दांड्याच्या हातोडीनं डब्यांची चाकं ठोकत फिरलेले. धड चाक 'टण्ण' म्हणतं, तडा गेलेलं 'थड'. माठ घेताना आपण टिचकी मारतो, त्यातलाच प्रकार. फक्त इथे चूक झाली तर पाणी नाही, गाडी सांडते.

दाजींनी मला काहीच विचारलं नाही. आईला विचारलं, "आई, तुम्हाला कसा वाटला आवाज?"

"डब्यात चमचा."

"म्हणजे पत्रा," असं म्हणून दाजींनी बॉनेट उघडलं. "पाव्हणं, रेस द्या. हळूहळू. अजून जरा. बास, तिथंच धरा."

आणि चमचा वाजला. दाजींनी हातोडीचा लाकडी दांडा एक्झॉस्टवरच्या पातळ पत्र्याला टेकवला, गप्प. दांडा उचलला, पुन्हा सुरू. इंजिनाची धग अडवणाऱ्या त्या पत्र्याचा एक स्क्रू गंजून पडला होता. इंजिनाची थरथर ठरावीक चालीवर आली की सुटलेलं टोक तिच्या सुरात सूर मिसळायचं. म्हणूनच चौथ्या गिअरमध्ये 50 ला वाजायचं आणि 60 ला बंद व्हायचं. गॅरेजात आम्ही भर्रकन रेस देऊन ती चाल दर वेळी ओलांडून जात होतो.

नवा स्क्रू आणि वॉशर मिळून 30 रुपये झाले. येताना न्हावऱ्यापर्यंत रेडिओ बंदच होता. आई आता पुढच्या सीटवर बसते.