ॲमेझॉन पाठ, वाघूर बाद

सिल्लोडच्या दहावीतल्या कुठल्याही पोराला मध्यरात्री उठवा आणि विचारा, पँटानल म्हणजे काय? डोळे न उघडता सांगेल : ब्राझीलच्या उच्चभूमीच्या नैर्ऋत्येकडचा दलदलीचा प्रदेश. आता त्यालाच विचारा, आपल्या खेळणा नदीचं पाणी शेवटी कुठल्या समुद्राला मिळतं? नको, राहू द्या. लेकराची झोपमोड होईल.

पुस्तकाला बोल लावायचं कारण नाही. २०१८ साली आलेल्या दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी बसवलेत, आणि ती कल्पना झकास आहे. दूरचं घर बघितलं की आपल्या घरात काय कमी-जास्त आहे ते कळतं. पण पेपर चाळीस गुणांचा, दोन तासांचा आणि वेळापत्रकात बहुतेक वेळा शेवटचा. अर्धं मन सुट्टीत असताना तुलना कोण करणार? मग ‘अपेक्षित’ आणा, ‘आयएमपी’वर खुणा करा आणि दोन्ही देश मुद्देनिहाय घोटा.

पहिलाच धडा ‘क्षेत्रभेट’. त्यावरचा हमखास प्रश्न : कारखान्याच्या भेटीसाठी प्रश्नावली तयार करा. पोरं ती तोंडपाठ करतात. कामगार किती? कच्चा माल कुठून येतो? सांडपाणी कुठे सोडता? सगळे प्रश्न बाकावर बसूनच विचारले जातात, त्यामुळे कारखानदाराला काही त्रास नाही. सोबत न्यायच्या वस्तूही पाठ असतात : होकायंत्र, नकाशा, टोपी, पाण्याची बाटली. क्षेत्रभेटीत कचऱ्याचं व्यवस्थापन कसं कराल, याचं उत्तर तर इतकं सुंदर लिहितात की वाटतं, जाऊ नका कुठे, असेच स्वच्छ राहा.

आणि जायचंच म्हटलं तर लांब कशाला? सिल्लोडहून जळगाव रस्ता धरा. अजिंठा गाव मागे पडलं की घाट लागतो आणि पठार संपून खाली खानदेश दिसायला लागतो. या डोंगररांगेच्या माथ्यावर हातभर अंतरानं पडलेल्या दोन थेंबांची कायमची फारकत होते. उत्तरेकडे घरंगळलेला वाघूरमधून तापीत जातो आणि अरबी समुद्राला मिळतो. दक्षिणेकडचा खेळणा, मग पूर्णा, मग गोदावरी असा अख्खा मराठवाडा आणि तेलंगण तुडवत बंगालच्या उपसागरापर्यंत पायपीट करतो. पुस्तकात याला जलविभाजक म्हणतात. पोरांनी तो शब्द पाठ केलेला असतो आणि बसमधून तो ओलांडताना ती मोबाइलमध्ये असतात.

घाट उतरला की वाघूर. अख्खा बेसॉल्ट कापून तिनं घोड्याच्या नालासारखं वळण घेतलंय आणि त्याच्या कड्यात लेणी कोरलीत. खनन, वळण, खडकाचा प्रकार, पर्यटन : निम्मं पुस्तक एका तिकिटात. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा गोरा अधिकारी इथं शिकारीला आला आणि ही लेणी बघून गेला. त्याच्याकडे प्रश्नावली नव्हती, हे नशीब.

पूर्णेची तर वेगळीच गंमत. आपल्याकडे पूर्णा दोन. एक चांगदेवला तापीत मिळते, दुसरी, म्हणजे सिल्लोडवाल्यांची, परभणी जिल्ह्यात गोदावरीत. जोड्या लावायला याहून चांगला सापळा कुठल्या पेपर काढणाऱ्याला सुचला असता? पण तो बसलाय ॲमेझॉनच्या उपनद्या मोजत.

ब्राझीलच्या ईशान्येकडे पाऊस कमी, म्हणून तिथल्या भागाला ‘अवर्षण चतुष्कोन’ म्हणतात. हे आमची पोरं कुठे पाठ करतात? सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या मराठवाड्यात, टँकरच्या रांगेत घागर लावून. ब्राझील म्हणजे कॉफी, हेही पाठ. पण तोच ब्राझील जगातल्या मोठ्या मका निर्यातदारांपैकी आहे, आणि सिल्लोड तालुक्यात ज्याच्या त्याच्या रानात मका उभा आहे, या दोन गोष्टींची गाठ घालायला बापाला बाजार समितीतला भाव ऐकावा लागतो. पोराला गाठ घालायची गरजच नाही. प्रश्न कॉफीवर येतो.

एकदा मात्र भूगोलानं सगळ्यांवर सूड उगवला. २३ मार्च २०२० चा पेपर कोरोनामुळे आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीवर गुण दिले गेले. म्हणजे गणितात चमकलेल्या पोरांना भूगोलही आपोआप आला. सरासरी काढणाऱ्यांना दोष कसा देणार? तसंही त्या दिवसांत सगळ्यांनाच गल्लीबाहेर जायला बंदी होती, आणि गल्लीबाहेर न जाता भूगोल शिकायची आपल्याला सवय होतीच.

मंडळाला एक विनंती करावीशी वाटते. चार गुणांचा एकच प्रश्न टाका : तुमच्या शाळेच्या छपरावर पडलेलं पावसाचं पाणी कुठल्या समुद्राला जातं? मार्ग लिहा. पहिल्या वर्षी रडारड होईल. पालक ‘औट ऑफ सिलॅबस’ म्हणून निवेदन देतील. दुसऱ्या वर्षी जून उजाडायच्या आत प्रत्येक तालुक्याचं उत्तर पाच मुद्द्यांत छापून दुकानात येईल, आकृतीसह.