मॅनेजरसाहेब, फी माझ्याच बक्षिसातून कापा

प्रति,
मा. मॅनेजरसाहेब,
लॉटरी विभाग, मुख्य कचेरी (आपण म्हणता म्हणून), मुंबई

विषय : मला लागलेले पंचवीस लाख.

महोदय,

स. न. वि. वि.

आपले प्रमाणपत्र व्हॉट्सअ‍ॅपवर पोचले. डावीकडे हात जोडलेले अमिताभ बच्चन, उजवीकडे पंतप्रधान, मध्ये नोटांची चळत आणि खाली दोन वेगवेगळ्या बँकांचे गोल शिक्के, एकावर एक. माझ्या नावाच्या जागी 'डिअर कस्टमर' छापले आहे. हरकत नाही. पंचवीस लाख देणाऱ्याने नावही विचारावे, ही अपेक्षा जरा जास्तच होते.

'ऑल इंडिया सिमकार्ड लकी ड्रॉ'त माझा नंबर निघाला, असे आपण कळवता. आपल्या उदारपणाला तोड नाही. आमची महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे, पण मेली इतकी सोवळी, की तिकीट काढल्याशिवाय दमडी देत नाही. आणि ज्या 'कौन बनेगा करोडपती'चे नाव आपण लावता, तिथली तऱ्हा तर विचारूच नका. २००० साली हर्षवर्धन नवाथे यांना एक कोटीसाठी पंधरा प्रश्न सोडवावे लागले. अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे शाळेत महिना दीड हजारावर खिचडी शिजवायच्या. २०१९ मध्ये त्या कोट्यधीश झाल्या, पण खुर्चीवर बसून उत्तरे दिल्यावरच. मी काय केले? तर फोनमध्ये सिम घातले.

आपला नंबर +९२ ने सुरू होतो, हेही नजरेस आले. भारताचा +९१, पाकिस्तानचा +९२. मुंबईची कचेरी तिकडे कधी हलली, हे पेपरात वाचल्याचे आठवत नाही. आपले काही सहकारी अस्सल देशी नंबरावरूनही बोलतात म्हणा. आपला मात्र 'साधा फोन करू नका, व्हॉट्सअ‍ॅपवरच बोला' हा आग्रह. आमच्या टॉकटाइमची एवढी काळजी घरचेसुद्धा करत नाहीत.

आता मुद्द्याचे. बक्षीस खात्यात पडण्याआधी आपल्याला बारा हजार रुपये 'प्रोसेसिंग फी' हवी आहे, आणि तीही 'रिफंडेबल'. माझी नम्र विनंती अशी, की ती माझ्याच पंचवीस लाखांतून कापून घ्या. बारा कशाला, पन्नास हजार कापा. एक लाख घ्या, वर आपल्याला चहापाण्याला दहा हजार ठेवा. मी पोचपावती देतो.

ही काही माझ्या डोक्यातली टूम नव्हे. १९६१ च्या आयकर कायद्यात १९४ ब नावाचे कलम होते आणि आजही रीत तीच आहे : लॉटरीत किंवा खेळाच्या कार्यक्रमात पैसे जिंकले, की देणाऱ्यानेच तीस टक्के कर कापायचा, सरकारात भरायचा आणि उरलेले विजेत्याच्या हातात ठेवायचे. पंचवीस लाखांवर साडेसात लाख कापा आणि साडेसतरा मला द्या. मी तक्रार करणार नाही. बक्षीस मोटारीचे असेल तर गोष्ट थोडी वेगळी, कारण मोटारीचे चाक कापून देता येत नाही. तिथे कराची रक्कम विजेत्याकडून घेतली जाऊ शकते. पण तो करही सरकारी तिजोरीत जातो. आपल्या फीसारखा परराज्यातल्या कुणा अनोळखी बाईंच्या बचत खात्यात जात नाही.

त्या बाईंबद्दलही विचारायचे होते. एवढ्या मोठ्या कंपनीला स्वतःचे खाते नाही का? भाड्याने घेतलेल्या खात्यांवर कारभार चालतो, हे ऐकून आहे. दोन-चार हजारांसाठी खाते वापरायला देणाऱ्याच्याच दारात पोलीस आधी येतात, आणि तोवर आपण सिम बदललेले असते. या मंडळींना आपण सणाला निदान मिठाईचा पुडा तरी पाठवता की नाही?

बारा हजारांनंतरची आपली योजनाही कळली. मग जीएसटी, मग 'आरबीआय क्लिअरन्स', मग फाइल अडली म्हणून शेवटचे पंचवीस हजार, आणि त्यानंतर खरोखरचे शेवटचे. गेलेली बादली काढायला विहिरीत कळशी सोडावी आणि कळशीसाठी घागर, तसा माणूस पहिले बारा वाचवायला पुढचे पंचवीस भरतो. आपला धंदा हावेवर चालतो असे लोक म्हणतात. मला तसे वाटत नाही. हाव पहिल्या हप्त्यापुरती. पुढचे सगळे हप्ते 'आता मागे कसे फिरायचे' या विचाराचे.

पण आपल्या योजनेतले सगळ्यात हुशार कलम म्हणजे गुप्ततेचे. 'कुणाला सांगू नका, नंबर रद्द होईल.' साहेब, आमच्या सोसायटीत कुणाकडे मुलगी बघायला पाहुणे आले, तर कांदेपोहे परतायच्या आत खालच्या मजल्याला कळते. तिथे पंचवीस लाख दाबून ठेवायचे? पण आपली अडचण मी समजू शकतो. आपल्याला गर्दीची भीती नाही. भीती आहे ती शेजारच्या एका निवृत्त बँकवाल्या काकांची. ते चष्मा कपाळावर सरकवून एवढेच विचारतील : 'पैसे मिळायचे आहेत ना? मग भरायचे कशाला?' म्हणून तर आपण फोन ठेवू देत नाही. 'लाइनवरच राहा, तसेच एटीएमपर्यंत चला.' आणि एटीएम लांब असेल, तर क्यूआर कोड पाठवून 'बक्षीस जमा करायला पिन टाका' म्हणता. पिन पैसे जाताना लागतो, येताना नाही, हे आमच्या भाजीवाल्या मावशींना कधीचे ठाऊक आहे. त्यांना लॉटरी का लागत नाही, ते आता कळले.

बच्चनसाहेबांचे मात्र वाईट वाटते. ऑनलाइन फसवणुकीपासून सावध करायला सरकारने फोन लागण्याआधी त्यांचाच आवाज ऐकवला. लोक वैतागले, आणि २०२५ च्या जूनमध्ये ती कॉलर ट्यून बंदही झाली. त्यांनी फुकट सांगितलेले ऐकवेना, आणि आपण त्यांचा फोटो चिकटवला की बारा हजार निघतात. जाहिरातवाल्यांनी आपल्याकडे शिकवणी लावावी.

एक धोका तेवढा कानावर घालतो. पैसे गेलेला माणूस लाजेने गप्प बसतो, हे आपले खरे भांडवल. पण त्याने लाज गुंडाळून लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तर पैसे या खात्यातून त्या खात्यात उड्या मारत असतानाच मध्ये गोठवता येतात. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत विचार करणारा माणूस आपल्या फार उपयोगाचा.

आपला,
साडेसतरा लाखांच्या प्रतीक्षेतला एक डिअर कस्टमर

ता. क. – आपल्या दुसऱ्या विभागाचीही कीर्ती ऐकली. बक्षिसात बुडालेल्यांना महिनाभराने 'सायबर ऑफिसर' फोन करतो आणि बुडालेली रक्कम परत मिळवून द्यायची फी मागतो. मी काहीच भरलेले नसल्याने त्यांनी माझ्यावर वेळ घालवू नये. आपला नंबर, प्रमाणपत्र आणि त्या बाईंचा खाते क्रमांक मी सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलच्या 'चक्षू'वर टाकला आहे. त्यांनी प्रोसेसिंग फी मागितली नाही.