डेंट्रीची मोजणी सुधारा, एका संध्याकाळी

साहित्य: लिनक्सचा सोर्स कोड, एक मोकळी संध्याकाळ आणि भरपूर आत्मविश्वास. शेवटची वस्तू लवकर संपते, जास्तीची आणून ठेवा.

फाइलच्या नावासाठी दर वेळी डिस्क धुंडाळावी लागू नये म्हणून कर्नेल मेमरीत डेंट्री ठेवतो. ती किती जणांनी धरून ठेवली आहे, याचा आकडा तिच्यातच असतो. डीगेट या फंक्शनने तो एकने वाढतो, डीपुटने एकने घटतो. पहिलीतलं गणित! म्हणूनच तर तुमचे हात शिवशिवताहेत.

सुरुवात लॉकरेफपासून करा. २०१३ साली, ३.१२ आवृत्तीत, लॉक आणि आकडा मिळून ६४ बिटांत बसवले गेले. लॉक मोकळं असेल तर ते न घेताच आकडा एका फटक्यात बदलता येतो. हे उगाच किचकट दिसतं. काढा, साधा अ‍ॅटॉमिक आकडा लावा. तुमच्या लॅपटॉपवर मस्त चालेल. शून्य पाहून एकाने डेंट्री मारायला घ्यावी आणि नेमकी तेव्हाच दुसऱ्याने ती उचलावी, हा योग जुळायला गर्दीचा सर्व्हर लागतो.

आता शून्य झालं की लगेच फ्री करा. कोड निम्मा होईल, कॅशही उरणार नाही. कारण शून्यावरची डेंट्री मेलेली नसते. ती एलआरयू (बराच काळ न वापरलेल्यांच्या) यादीत पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसते. खरंच मेलेलीचा आकडा उणे १२८ करतात. का, ते विचारत बसू नका.

प्रत्येक डेंट्री आपल्या आईचा, म्हणजे वरच्या डिरेक्टरीच्या डेंट्रीचा, एक आकडा धरून असते. त्यामुळे एक डीपुट थेट मुळापर्यंत चढू शकतो. तिथे रिकर्शन सुंदर दिसेल. कर्नेलचा स्टॅक बहुधा १६ केबीचा असतो, एवढं फक्त विसरा.

खरी मजा एरर पाथमध्ये. फंक्शनला दिलेली डेंट्री अपयश आल्यावर परत कोणी करायची, बोलावणाऱ्याने की फंक्शनने? आकड्याच्या टाइपवरून हे कळत नाही. उत्तर कुठे कमेंटमध्ये असतं, तर कुठे कर्नेलचा हा भाग सांभाळणाऱ्या अल व्हायरो यांच्या डोक्यात. रिफॅक्टरिंग करायचंच असेल तर खरं म्हणजे ही जबाबदारी स्पष्ट करायला हवी. पण त्याला संध्याकाळ पुरत नाही.

चाचणी: माउंट करा, अनमाउंट करा. एखादा डीपुट राहून गेल्याने इनोड (फाइलची मेमरीतली नोंद) अडकून राहिलाच, तर जुने कर्नेल पाच सेकंदांत आत्मनाशाची धमकी देऊन वर शुभ दिवस चिंतत. डीपुट एक जास्त पडला असेल तर मात्र काहीच दिसणार नाही. तक्रार पुढे कधीतरी येईल, तीही भलत्याच फाइलसिस्टीमच्या नावावर. केसॅन हा कर्नेलचा मेमरी-तपासनीस चालू असेल तर फ्री झालेल्या डेंट्रीला हात लागताच पकडले जाल. नवशिक्यांनी ते बंदच ठेवावं.